‘आपण’ आणि ‘आम्ही’ : अतिदक्षता विभागातील नैतिक वातावरणाच्या मोजमापाचा एक भाषिक प्रश्न

१. विषयाची ओळख

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकांना व डॉक्टरांना आपल्या कामाच्या जागेचे ‘नैतिक वातावरण’ कसे वाटते, या प्रश्नाचा अभ्यास गेली काही दशके परिचर्याशास्त्र, वैद्यक आणि संघटनाशास्त्र या तिन्ही शाखांत होत आला आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचा या विषयाशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी वाटणार नाही. परंतु तो संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून निकटचा आहे. रुग्णाचा रक्तदाब यंत्राने मोजता येतो; विभागाचे नैतिक वातावरण मोजावयाचे तर तेथील माणसांनाच विचारावे लागते. विचारावयाचे म्हणजे वाक्ये रचावयाची. ही वाक्ये बहुतेक वेळा मूळ इंग्रजीत रचलेली असतात, आणि महाराष्ट्रात त्यांचा उपयोग करावयाचा तर ती मराठीत आणावी लागतात. हे काम कित्येकदा आपल्यासारख्या विभागांतील विद्यार्थ्यांकडे येते, आणि ते किरकोळ समजून उरकलेही जाते.

प्रस्तुत लेखात प्रथम या संकल्पनेचा थोडक्यात परिचय करून देऊन, नंतर ती मराठीत आणताना कोठे अडते ते दाखवावयाचे आहे. लेखाचे प्रतिपाद्य एका वाक्यात सांगावयाचे तर असे : नैतिक वातावरणाचा गाभा ‘निर्णय घेणाऱ्या समूहात मी आहे की नाही’ या प्रश्नात आहे, मराठी व्याकरण हा प्रश्न ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या भेदातून दर वाक्यात विचारते, आणि इंग्रजीवरून केलेल्या प्रश्नावलीत नेमका तोच पुसला जाण्याचा धोका असतो.

२. निर्णय आणि हात यांची फारकत

अतिदक्षता विभागाचा उगम सामान्यतः कोपनहेगन येथील १९५२ च्या पोलिओच्या साथीत मानला जातो. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत राहावी व त्यायोगे त्यांचा श्वास चालू ठेवावा, ही रीत भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी ब्लेगडाम रुग्णालयात सुरू केली. पुरेशी यंत्रे नसल्यामुळे सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोगणती हे काम केले. पुढे १९५३ मध्ये त्याच शहरात इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या साथीत रुग्णाचा श्वास चालू ठेवणारा हात आणि रुग्णाच्या उशाशी बसलेला माणूस एकच होता. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली. यंत्र थकत नाही. म्हणून ‘आता थांबावे काय?’ हा प्रश्न शरीराच्या थकव्यातून उपस्थित होत नाही, तो कोणीतरी मुद्दाम उपस्थित करावा लागतो. शिवाय यंत्राबरोबर कामाची वाटणीही झाली. उपचार चालू ठेवावयाचा की मर्यादित करावयाचा, हे वरिष्ठ डॉक्टर ठरवितात. तो ठरलेला उपचार दर तासाला प्रत्यक्ष करण्याचे काम परिचारिकेकडे येते. नळीतून कफ ओढून काढणे, कूस बदलणे, सुई टोचणे, जखमा धुणे ही सर्व कामे तिच्या हातची. रुग्ण बरा होण्याच्या मार्गावर असेल तर या वाटणीत काहीच खुपत नाही. परंतु जेथे रुग्णाला वेदनेखेरीज काही मिळत नाही अशी तिची खात्री होते, तेथे निर्णय एकाचा व हात दुसऱ्याचा ही स्थिती असह्य होऊ लागते.

अमेरिकी तत्त्वचिंतक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचर्येच्या नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यास ‘नैतिक क्लेश’ म्हणता येईल. योग्य काय हे कळत नाही म्हणून होणारी घालमेल वेगळी, आणि योग्य काय हे कळूनही संस्थेच्या बंधनांमुळे तसे वागता येत नाही म्हणून होणारा क्लेश वेगळा, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. पहिलीत माणूस विचारात पडतो. दुसऱ्यात तो आतून झिजतो.

३. ‘वातावरण’ म्हणजे काय

क्लेश व्यक्तीला होतो. वातावरण समूहाचे असते. बार्ट व्हिक्टर आणि जॉन कलेन या अभ्यासकांनी १९८७ व १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांतून ‘नैतिक कार्य-वातावरण’ ही कल्पना मांडली. संस्थेतील माणसे प्रत्यक्षात किती नीतिमान आहेत, हा त्यांचा प्रश्न नव्हता. नैतिक पेच उभा राहिला की ‘आपल्याकडे हे असे सोडवितात’ अशी जी एक सामाईक समजूत कर्मचाऱ्यांत असते, तिला त्यांनी वातावरण म्हटले. ही समजूत कोठे स्वहितावर, कोठे परस्परांच्या कल्याणावर, तर कोठे नियमांवर आधारलेली असते.

रुग्णालयांच्या बाबतीत ही कल्पना लिंडा ओल्सन यांनी १९९८ मध्ये एका प्रश्नावलीच्या रूपाने वापरात आणली. तिच्यात २६ विधाने असून ती पाच संबंधांभोवती गुंफलेली आहेत : सहकारी, रुग्ण, व्यवस्थापक, रुग्णालय आणि डॉक्टर. उत्तर देणाऱ्याने प्रत्येक विधान किती वेळा खरे ठरते ते पाच पायऱ्यांच्या मापावर नोंदवावयाचे असते. पुढे खास अतिदक्षता विभागांसाठी बो व्हॅन डेन बुल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दुसरी प्रश्नावली सिद्ध केली. १३ युरोपीय देश आणि अमेरिका यांतील ६८ विभागांत तिची पारख झाली. वातावरणाची जी सात अंगे तिच्यात वेगळी काढली आहेत, त्यांत डॉक्टरांचे आत्मपरीक्षणशील नेतृत्व, सर्वांनी मिळून मोकळेपणाने केलेला विचार, परस्परांविषयीचा आदर, आयुष्याच्या अखेरीचे निर्णय न टाळण्याची वृत्ती आणि त्या निर्णयांत परिचारिकांचा सक्रिय सहभाग यांचा समावेश होतो.

आता ‘वाटणे’ या शब्दाकडे वळू. एकाच विभागात काम करणाऱ्यांना त्याचे वातावरण एकसारखे वाटत नाही, हा या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा हाती आलेला निष्कर्ष होय. अ‍ॅन हॅमरिक व लेस्ली ब्लॅकहॉल यांनी २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील दोन रुग्णालयांच्या १४ अतिदक्षता विभागांतील १९६ परिचारिका व २९ डॉक्टर यांची मते प्रसिद्ध केली. ज्या रुग्णालयात दोन्ही गटांची तुलना झाली, तेथे परिचारिकांचा नैतिक क्लेश डॉक्टरांपेक्षा अधिक होता, परस्पर सहकार्य त्यांना कमी जाणवत होते आणि विभागाचे नैतिक वातावरण त्यांना अधिक प्रतिकूल वाटत होते. रुथ पियर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी ९ युरोपीय देश व इस्राएल येथील ८२ विभागांत एकाच दिवशी झाली होती. त्या दिवशी आपण पाहत असलेल्या निदान एका रुग्णाला मिळणारी शुश्रूषा अनुचित आहे, असे सुमारे २७ टक्के परिचारिका व डॉक्टरांना वाटत होते. त्यांत डॉक्टरांचे प्रमाण परिचारिकांपेक्षा कमी नव्हते, उलट थोडे अधिकच होते. तेव्हा डॉक्टरांना काही वाटत नाही आणि परिचारिकांना सर्व वाटते, अशी सोपी विभागणी करून चालणार नाही. जे दोघांनाही वाटते ते दोघे एकमेकांशी बोलतात काय, आणि बोलत असतील तर कोणत्या नात्याने, हा खरा प्रश्न आहे. येथून पुढे भाषेचे क्षेत्र सुरू होते.

४. तीन शब्दांची अडचण

सर्वनामांकडे वळण्यापूर्वी अशा प्रश्नावल्यांच्या मराठी रूपांत हमखास येणारे तीन शब्द पाहू. उदाहरणादाखल दिलेली वाक्ये प्रस्तुत लेखकाने रचलेली आहेत. ती कोणत्याही प्रसिद्ध प्रश्नावलीतून घेतलेली नाहीत.

पहिला शब्द ‘नैतिक’. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा शब्द निरुपद्रवी आहे. बोलण्यात व वृत्तपत्रांत मात्र त्याचे प्रतियोगी रूप ‘अनैतिक’ बहुधा ‘संबंध’ या शब्दाच्या जोडीने येते, आणि त्याची छाया मूळ शब्दावरही पडते. रात्रपाळीला काम करणाऱ्या स्त्रियांकडे समाजाने एके काळी ज्या नजरेने पाहिले, तिची आठवण परिचर्येच्या व्यवसायात अजून पुसली गेलेली नाही. अशा वाचकवर्गापुढे ‘तुमच्या विभागाचे नैतिक वातावरण कसे आहे?’ हा प्रश्न ठेवला, तर तो चारित्र्याविषयीची चौकशी म्हणून वाचला जाण्याचा संभव आहे. आणि मग मिळणारे उत्तर ‘उत्तम आहे’ याखेरीज दुसरे काय असणार? शीर्षकात संज्ञा ठेवावी, पण विधानांत ‘रुग्णाच्या दृष्टीने योग्य काय’ अशी उघडी शब्दयोजना करावी, हे श्रेयस्कर.

दुसरा शब्द ‘ऐकणे’. इंग्रजीत कोणाचे लक्षपूर्वक ऐकणे आणि कोणाची आज्ञा पाळणे या दोहोंना भिन्न क्रियापदे आहेत. मराठीत ‘मुलगा आईचे ऐकतो’ या वाक्याचा अर्थ तो तिच्या सांगण्याप्रमाणे वागतो असा होतो. ‘डॉक्टर माझे ऐकतात’ हे विधान वाचणारी परिचारिका त्याचा अर्थ ‘डॉक्टर माझ्या सांगण्याप्रमाणे वागतात’ असा घेईल, आणि प्रामाणिकपणे ‘कधीच नाही’ असे नोंदवील. उलट ‘ऐकून घेतात’ असे लिहिले तर मुद्दा अर्धा सुटतो, परंतु ‘ऐकून घेणे’ यात ऐकून सोडून देणे व बोलणी खाणे या दोन्ही छटा आहेत. ‘माझे म्हणणे विचारात घेतात’ हेच येथे त्यातल्या त्यात निर्दोष ठरते. या तिन्ही वाक्यांना येणारी उत्तरे सारखी नसतील, हे सांगावयास नको.

तिसरी जोडी ‘ठरणे’ आणि ‘ठरविणे’. मराठीची ही एक सोय आहे आणि तोच तिचा धोकाही आहे. ‘व्हेंटिलेटर चालू ठेवायचे ठरले’ या वाक्यात कर्ता नाही, आणि नाही हे कोणाला खटकतही नाही. ‘निर्णय घेण्यात आला’, ‘नातेवाईकांना कल्पना देण्यात आली आहे’ ही कार्यालयीन रूपे याच जातीची. अतिदक्षता विभागात अशा वाक्यांची गरज असते, हे मान्य केले पाहिजे. मृत्यूचा निर्णय एका माणसाच्या नावावर लिहिणे कोणालाच सोसत नाही. परंतु कर्ता लपला की प्रश्न विचारावयाचा कोणाला हेही लपते. ‘आमच्याकडे असे निर्णय सर्वानुमते ठरतात’ या विधानाशी सहमत होणे सोपे आहे. ‘असे निर्णय डॉक्टर आणि परिचारिका मिळून ठरवितात’ याच्याशी सहमत होताना माणूस क्षणभर थांबेल. हे थांबणे हीच मोजावयाची गोष्ट आहे.

आपल्याकडील रुग्णालयांत ‘डामा’ या नावाने ओळखली जाणारी पद्धतही या संदर्भात आठवते. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णास घरी नेत आहोत, असे नातेवाईकांकडून लिहून घेतले जाते. कित्येकदा यात खरोखरीच सल्ल्याचा अव्हेर असतो. कधी मात्र पैसा संपलेला असतो, आशाही संपलेली असते आणि मूक संमती दोन्ही बाजूंची असते. तरी कागदावरील वाक्यात कर्ता एकटा नातेवाईकच उरतो. नैतिक वातावरणाचा अभ्यासक हा कागद वाचील तर त्यास तेथे विभागाचा निर्णय असा दिसणारच नाही.

५. सर्वनामातील सीमारेषा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यास वगळतो. ‘आपण’ म्हणताना त्यास सामावून घेतो. ‘आम्ही जेवायला चाललो’ ही माहिती आहे. ‘आपण जेवायला जाऊ’ हे निमंत्रण आहे. तमिळ, तेलुगू इत्यादी द्राविड भाषांत हा भेद आहे. आर्यभाषांपैकी मराठी व गुजराती यांत तो ठळक आहे. इंग्रजीत तो नाही, आणि प्रमाण हिंदीतील ‘हम’ हे सर्वनामही तो दाखवीत नाही.

रुग्णालयात या भेदाला किती काम असते ते पाहा. रुग्णाच्या मुलाला डॉक्टर म्हणतात, ‘आम्ही आमच्या परीने प्रयत्न करीत आहोत.’ यात मुलगा वगळलेला आहे. त्याने फक्त ऐकावयाचे आहे. तोच मजकूर परिचारिका ‘आपण प्रयत्न करतो आहोत ना’ असा सांगते, तेव्हा तिने मुलाला प्रयत्नांत भागीदार केलेले असते. पहिल्या वाक्यात अधिकार आहे आणि उत्तरदायित्वही आहे. दुसऱ्यात दिलासा आहे, पण जबाबदारी थोडी पातळ झालेली आहे. यांपैकी एक वाक्य चांगले व दुसरे वाईट असा निवाडा देण्याचे कारण नाही. एवढेच दिसते की, बोलणाऱ्याने तोंड उघडताच समूहाची एक सीमारेषा आखली जाते.

आता परिचारिका वरिष्ठ डॉक्टरांशी बोलत आहे असे धरा. ‘सर, आपण यांना अजून किती दिवस व्हेंटिलेटरवर ठेवणार?’ या वाक्यातील ‘आपण’ कोणते? ते समावेशक असेल तर ती स्वतःस निर्णयात धरते आहे. आदरार्थी द्वितीयपुरुषी असेल तर निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा मानून नम्रपणे विचारते आहे. ‘आपण ठरवितो’ आणि ‘आपण ठरविता’ यांत क्रियापद भेद दाखविते. परंतु ‘ठेवणार’ या रूपात किंवा ‘आपण निर्णय घेतला’ या भूतकाळी रचनेत तो दिसत नाही. परिचारिकेला या संदिग्धतेचा आधारच असतो. हरकत घ्यावयाची आणि मर्यादाही सोडावयाची नाही, अशा पेचात ती हे दुहेरी सर्वनाम वापरू शकते. डॉक्टरांनी त्याचा कोणता अर्थ घेतला हे त्यांच्या उत्तरावरून कळते. त्यांनी ‘आपण उद्या सकाळी पाहू’ असे म्हटले तर तिला आत घेतले. ‘ते आम्ही बघू’ म्हटले तर दार लागले.

रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिल्मन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांची मांडणी सत्ता आणि सलगी या दोन अक्षांवर केली. मराठी रुग्णालयाचा विचार करताना ते विवेचन प्रथमपुरुषापर्यंत वाढवावे लागते. संबोधनांचेही तसेच आहे. डॉक्टरांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’, परिचारिकेला ‘सिस्टर’, पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’. साफसफाई व रुग्णाची उठबस करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र ‘मावशी’ आणि ‘मामा’. उतरंड जसजशी खाली जाते तसतशी पदाची जागा नात्याचे शब्द घेतात. नात्याच्या शब्दात जिव्हाळा असतो, हे खरे. परंतु ‘मावशी, जरा इकडे या’ असे हाक मारून बोलावले जाणाऱ्या बाईंना, रुग्णाची कूस बदलताना त्यांनी काय पाहिले, हे कोणी विचारीलच असे नाही. ओल्सन यांच्या पाच संबंधांत त्यांच्यासाठी वेगळे घर नाही. ‘व्यवस्थापक’ या घरात तरी कोण बसते? विभागाची परिसेविका की संपूर्ण रुग्णालयाची अधिसेविका? भाषांतरकाराने हे ठरविले नाही, तर प्रत्येक परिचारिका आपल्या मनाने ठरवील, आणि उत्तरांची सरासरी भलत्याच दोन व्यक्तींची सरासरी होईल.

६. उलट-भाषांतराची चाळणी

येथे कोणी म्हणेल, प्रश्नावलीच्या भाषांतराची शास्त्रशुद्ध पद्धत आहेच. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून रूढ झालेली उलट-भाषांतराची पद्धत अशी : एकाने इंग्रजीतून मराठीत आणावयाचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीतून इंग्रजीत न्यावयाचे, आणि दोन इंग्रजी पाठ ताडून पाहावयाचे. पद्धत उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण तिच्या चाळणीची भोके इंग्रजीच्या मापाची आहेत. जो भेद इंग्रजीत नाही तो तिच्यात अडकणार नाही.

‘आमच्या विभागात आम्ही कठीण प्रसंगांविषयी मोकळेपणाने बोलतो’ आणि ‘आपल्या विभागात आपण कठीण प्रसंगांविषयी मोकळेपणाने बोलतो’ ही दोन वाक्ये इंग्रजीत परत नेली, तर दोन्हींचे एकच वाक्य होते. पडताळणी पार पडते. भाषांतर ‘सममूल्य’ ठरते. प्रत्यक्षात मात्र पहिले वाक्य वाचणारी परिचारिका ‘आम्ही’ म्हणजे ‘आम्ही परिचारिका’ असे सहज समजू शकते. पाळी बदलताना दोघीजणी एकमेकींपाशी मन मोकळे करतात, हे खरे असल्यामुळे ती ‘नेहमी’ या घरात खूण करील. दुसरे वाक्य वाचताना तिच्या डोळ्यांपुढे डॉक्टरही येण्याचा संभव अधिक. तेथे तिची खूण दोन घरे खाली उतरेल. विभाग तोच, बाई तीच, दिवस तोच; गुण मात्र वेगळे. ‘ऐकणे’ या क्रियापदाचेही असेच होते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

म्हणून केवळ एक सर्वनाम टाकून दुसरे घालण्याने काम भागत नाही. बाहेरून आलेल्या संशोधकाला उत्तर देताना मराठी माणसाच्या तोंडी स्वाभाविकपणे ‘आम्ही’च येते, कारण संशोधक समूहाबाहेरचा असतो, त्या जागी ‘आपण’ कृत्रिम वाटते, आणि कागदावर ते ‘तुम्ही’चे आदरार्थी रूप म्हणूनही वाचले जाते. मार्ग दोन आहेत. जेथे मोजावयाचा समूह निश्चित आहे तेथे सर्वनाम सोडून नामे वापरावीत : ‘या विभागातील डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसून…’. आणि प्रश्नावली वापरात आणण्यापूर्वी काही कर्मचाऱ्यांसमवेत प्रत्येक विधान वाचून ‘यातील आम्ही म्हणजे कोण कोण?’ असे सरळ विचारावे. हा दुसरा मार्ग वेळखाऊ आहे. पण त्यातून मिळणारे उत्तर पुढील सर्व आकड्यांहून मोलाचे ठरण्याचा संभव आहे. ‘आम्ही’चा परीघ केवढा, हेच तर त्या विभागाचे नैतिक वातावरण.

७. परीघ आणि कायदा

‘आपले कोण’ हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही, हे दाखविणारे एक प्रकरण महाराष्ट्रात घडलेले आहे. ते अतिदक्षता विभागातील नाही आणि त्यात श्वसनयंत्रही नव्हते. तथापि उपचाराच्या मर्यादेविषयी कोणाचा शब्द मानावा, हा प्रश्न त्यात निखळ रूपात उभा राहिला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच पाशवी हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या जन्मभर अंथरुणाला खिळल्या, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. त्यांचे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी विनंती लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती मान्य केली नाही. मात्र निष्क्रिय दयामरणास काही अटींवर तत्त्वतः मान्यता दिली. शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे न्यायालयाने दिलेले उत्तर आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : तो अधिकार याचिकाकर्तीचा नव्हे, तर इतकी वर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्या जगाव्यात अशी त्यांची इच्छा आहे.

या निकालाशी कोणी सहमत असो वा नसो, त्यातून एक गोष्ट दिसते. नैतिक क्लेशाविषयीच्या अभ्यासांत परिचारिका बहुधा उपचार थांबविण्याच्या बाजूने बोलताना आढळते. येथे ती शुश्रूषा चालू ठेवण्याच्या बाजूने उभी होती. तेव्हा परिचारिकांचे मत अमुकच असते असे गृहीत धरून त्यांना निर्णयात घ्यावयाचे नाही. ज्या हातांनी शुश्रूषा होते त्यांना रुग्णाविषयी काही वेगळे ठाऊक असते, म्हणून घ्यावयाचे.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश यांना मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सुटसुटीत केली. त्यानुसार उपचार थांबविण्याचा विचार दोन मंडळांनी करावयाचा आहे. प्राथमिक मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले निदान दोन विषयतज्ज्ञ असतात. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेले डॉक्टर आणि तज्ज्ञ असतात. परिचारिकेला या मंडळांत स्वतंत्र जागा सांगितलेली नाही. कायद्याने तिला बोलावू नका असे म्हटलेले नाही. बोलवाच असेही म्हटलेले नाही. ती जागा रिकामी राहील की भरेल, हे प्रत्येक विभागाच्या वातावरणावर सोडलेले आहे. म्हणूनच ते वातावरण अचूक मोजण्याला केवळ शास्त्रीय नव्हे, तर व्यावहारिक महत्त्वही आले आहे.

८. उपसंहार

सारांश असा. अतिदक्षता विभागातील नैतिक वातावरण ही माणसांच्या समजुतीतून बनलेली वस्तू आहे, आणि ती समजूत आपल्या हाती येते ती वाक्यांच्या रूपाने. ती वाक्ये परभाषेतून आणताना ‘नैतिक’ शब्दाने भलताच संशय, ‘ऐकणे’ या क्रियापदाने भलतीच अपेक्षा आणि ‘ठरणे’ या क्रियापदाने भलतीच सहमती निर्माण होऊ शकते. सर्वांत मोठी चूक मात्र सर्वनामाची. वातावरण चांगले असल्याचा निर्वाळा देणारा आकडा ‘आम्ही’ या शब्दाच्या अपुऱ्या परिघातून आलेला असेल, तर त्याच्या आधारे व्यवस्थापन निश्चिंत होईल, आणि रात्री तीन वाजता रुग्णाच्या उशाशी उभी असलेली परिचारिका आपला प्रश्न मनातच ठेवील. त्याची किंमत तिला द्यावी लागते, आणि तिच्याहून अधिक त्या रुग्णाला, ज्याला कोणत्याच सर्वनामाने बोलता येत नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांपुढे अशा प्रश्नावल्यांचे काम येईल तेव्हा त्यांनी शब्दकोशाबरोबर विभागाचा दिनक्रमही पाहावा. पाळी बदलताना कोण कोणाशी काय बोलते, सकाळच्या फेरीत परिचारिका पुढे उभी असते की मागे, ‘आपण’ कोणाच्या तोंडी येते आणि ‘आम्ही’ कोणाच्या, हे टिपून ठेवावे. सर्वनामांचा अभ्यास हा व्याकरणातील कोरडा भाग समजला जातो. येथे तो एखाद्या माणसाच्या शेवटच्या दिवसांशी जोडलेला आहे.